एक किलो सहाशे ग्रॅमची घट

साहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, थर्मामीटर असायचा. चहा आला की ते तो बाहेर काढत, रुमालानं पुसत, कपात बुडवत आणि पारा थांबेपर्यंत कुणाशी बोलत नसत. "अडुसष्ट," असं कपाला सांगून ते वाट बघत बसत. एकसष्टला पहिला घोट. एकसष्टच का, हे विचारायची दोन वर्षं माझी हिंमत झाली नाही. शेवटी विचारलं तेव्हा म्हणाले, "साठला थंड लागतो."

नव्वदीच्या दशकात, कराड आणि इस्लामपूरच्या मधल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ते चीफ केमिस्ट होते आणि मी त्यांच्या हाताखाली. मी मूळचा सांगलीचा. त्याआधी कुपवाडच्या एका रंगाच्या कारखान्यात वर्षभर नाकाला रुमाल बांधून काढलं होतं, त्यामुळे मळीचा वास मला पहिल्या दिवशी अत्तरासारखा वाटला. तसं मी साहेबांना बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "अत्तरासारखा म्हणजे किती?"

हे त्यांचं कायमचंच होतं. 'बरंच', 'जरासं', 'नेहमीप्रमाणे' असले शब्द त्यांच्या प्रयोगशाळेत चालत नसत. कामगार येऊन म्हणाला, "साहेब, तीन नंबरची टाकी लय तापलीया," की साहेब मान वर न करता म्हणत, "लय हे काही अंशात मोजत नाहीत. आकडा बोल." कामगार पुन्हा जाऊन आकडा घेऊन येई. तोवर टाकी आणखी तापलेली असे, पण आता ती रीतसर तापलेली असे.

एकतीस वर्षं दारू गाळणारा हा माणूस स्वतः थेंबभरही घेत नसे. नमुना जिभेच्या टोकावर ठेवायचा, डोळे मिटायचे, सिंकमध्ये थुंकायचं आणि नळाच्या पाण्यानं तीन चुळा भरायच्या. तीनच. पाहुण्यांना याचं फार कौतुक वाटे आणि त्यामागे काहीतरी व्रत किंवा वडिलांना दिलेलं वचन असेल, असं ते धरून चालत. मीही धरून चाललो होतो. साहेबांनी खुलासा केला, "आवडत नाही." एवढंच.

गुळाला ते 'अशुद्ध साखर' म्हणत. घरी पुरणपोळीही साखरेची. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला गुळाची पोळी केली होती, तेव्हा साहेबांनी त्यातल्या राखेचं प्रमाण सांगितलं होतं. काकू वाळवा तालुक्यातल्या, माहेरी गुऱ्हाळ. ही हकीकत त्या मला तेहतीस वर्षांनी सांगत होत्या, पण पोळी अजून तव्यावर असल्यासारख्या. "माझ्या बापाच्या गुऱ्हाळात राख निघाली म्हणे! आणि चुकलं म्हणाले का कधी? या माणसाच्या तोंडून तो शब्द मी ऐकलेला नाही बघ. वजनकाटा चुकंल, थर्मामीटर चुकंल, मी तर रोजच चुकती. हे न्हाईत."

साहेबांचा एक भाचा अमेरिकेत होता. संगणकाचं काम करायचा, पण पत्रं सगळी बिअरबद्दल लिहायचा. तिकडे काही हौशी लोकांनी गोठ्यांत आणि जुन्या गोदामांत चिमुकल्या ब्रुअरी काढल्या होत्या, आणि हा सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन पिंपं धूत असे. आईबापांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं तो शनिवारीही संगणकासमोरच असे.

एका डिसेंबरात तो आला आणि मामांसाठी एक बाटली घेऊन आला. मोठी, जाड काचेची, बूच तारेनं बांधलेलं. लेबलावर एका कौलारू गोठ्याचं चित्र आणि खाली बारीक अक्षरात एवढा मजकूर, की आमच्या कारखान्याचा वार्षिक अहवाल त्यापुढे त्रोटक वाटावा. मी तो सगळा वाचला. त्यात 'परंपरा' दोनदा, 'वारसा' एकदा आणि 'प्रामाणिक' हा शब्द तीनदा होता. मतलब इतकाच होता, की युरोपात जुन्या काळी शेतावर हिवाळ्यात बिअर करून ठेवत आणि उन्हाळ्यात ती रानात राबणाऱ्या माणसांना देत. तिकडे ती जवळजवळ विस्मरणात गेली होती, म्हणून अमेरिकेतल्या या मंडळींनी ती पुन्हा करायला घेतली. फार्महाऊस एल.

"म्हणजे मळ्यातल्या वस्तीवरची बिअर," साहेब म्हणाले.

"हो मामा. आणि हिचं यीस्ट इतर बिअरसारखं नाही. त्याला उष्णता आवडते. पस्तीस अंशांतसुद्धा मजेत काम करतं."

साहेबांचे कान टवकारले. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे डिस्टिलरीचं मरण. नदीचं पाणीच इतकं कोमट येई की टाक्या थंड होत नसत. यीस्ट मान टाकी आणि साहेब जेवण टाकत. त्यांनी बाटली उजेडात धरली, तळाचा पांढुरका गाळ पाहिला, बूच काढलं आणि एका नळीनं वरची सगळी बिअर हळूहळू, गाळ हलू न देता, मोरीत सोडून दिली.

भाचा दारातच उभा होता. त्यानं ती बाटली स्वेटरांत गुंडाळून, तीन विमानं बदलून, कस्टमला शीतपेय म्हणून सांगून आणली होती.

"मामा! अहो, प्यायची होती ती!"

"मला गाळ हवा होता," साहेब म्हणाले. "यीस्ट त्यात असतं. वर नुसतं पाणी."

भाच्यानं पुढची दोन वर्षं पत्र लिहिलं नाही, असं काकू सांगत. साहेबांच्या मते सहा महिने. ते यीस्ट मात्र त्यांनी परीक्षानळीत वाढवलं, जपलं, आणि एका कोपऱ्यातल्या टाकीत वापरूनही पाहिलं. मळीवर त्यानं काम केलं, पण टाकीला लवंगा-मिऱ्यांचा वास येऊ लागला. एक संचालक फेरी मारताना थांबून म्हणाले, "इथं मसालेभात कुणी केलाय?" आणि प्रयोग तिथेच बंद झाला.

साहेबांना निवृत्तीला तेव्हा तीन महिने राहिले होते. मला वाटतं, त्या मसालेभातानंच त्यांच्या डोक्यात ते शिरलं. कारखान्यात जमत नाही तर नाही. हे यीस्ट मुळात वस्तीवरचं; आपली वस्ती आहे, रान आहे, उन्हाळा तर आहेच. त्यांची मळ्यात चार खोल्यांची वस्ती होती, आणि शेजारचं रान तात्यांचं. तात्यांचे वाडवडील जत भागातले, मेंढरं राखणारे. तात्या बागायतीत येऊन शेतकरी झाले होते, तरी चार शेळ्या आणि एक म्हैस त्यांच्यामागे सतत असत. साहेबांना ते मनापासून मान देत आणि त्यांचं काहीही ऐकत नसत.

बिअर सातूची करतात; साहेबांनी वस्तीवर सातूऐवजी शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा, घ्यायचं ठरवलं. वीस किलो शाळू साहेबांनी कारखान्याच्या काट्यावर स्वतः मोजून आणला. मग वस्तीवर तो भिजवला, ओल्या गोणपाटात बांधला, दर चार तासांनी त्यात थर्मामीटर खुपसला. तिसऱ्या दिवशी बोटभर कोंब आले. गच्चीवर पसरून वाळवल्यावर वजन भरलं सतरा किलो नऊशे ग्रॅम. हे त्यांच्या हिशेबात बसत होतं. आता हा शाळू गिरणीत जाडसर भरडून आणायचा होता. ते काम काकूंकडे होतं, आणि साहेबांनी त्यासाठी कागदावर सूचना लिहून दिली होती. तो कागद मी पाहिला आहे. 'कोंबांसकट भरडणे' या शब्दांखाली दोन रेघा होत्या.

"कोंबांसकट का?" मी विचारलं.

"मळीत आपण युरिया घालतो ना? यीस्टला नायट्रोजन लागतो. तो कोंबात आहे. फुकटचा युरिया आहे तो."

डिस्टिलरीत आयुष्य गेलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

भरड घरी आली तेव्हा साहेबांनी पुन्हा वजन केलं. सोळा किलो तीनशे. एक किलो सहाशे ग्रॅम गायब.

गिरणीत पीठ थोडं उडतं, पण एक किलो सहाशे? साहेब गिरणीवर गेले. सोबत मी आणि प्रयोगशाळेतली प्रमाणित वजनं. त्यांनी आधी गिरणीवाल्याचा काटा तपासला. तो बरोबर निघाला, याचं त्यांना वाईट वाटलं. मग एका बाजूला स्टूल घेऊन बसले आणि दळायला येणाऱ्या प्रत्येक बाईचा डबा आधी आणि नंतर मोजू लागले. रांग वाढली. बायका कुजबुजू लागल्या. एकीनं मला विचारलं, "सरकारी हाय का वो माणूस?"

गिरणीवाल्यानं तासभर दळण चालू ठेवलं. मग पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणाला, "साहेब, हितनं पंधरा डबं गेलं, छटाकभर कुठं कमी न्हाई. तुमचंच दीड किलो मी खाल्लं व्हय?"

"एक किलो सहाशे," साहेब म्हणाले.

वहीत त्यांनी लिहिलं: 'घट १.६०० कि. कारण अज्ञात. गिरणीवर संशय.' पुढचे पंधरा-वीस दिवस ती ओळ त्यांना छळत होती. मी टाकीचा अहवाल घेऊन गेलो की ते मध्येच म्हणत, "वाफ? नाही. वाफ एवढी नसते."

या दरम्यान त्यांची निवृत्ती येऊन ठेपली. कारखान्यानं सत्कार ठेवला. मांडव, शाल, श्रीफळ, सतरंज्या आणि अध्यक्षांची दोन तास वाट. अध्यक्षांनी भाषणात साहेबांना कारखान्याचा कणा म्हटलं, मग श्वास, मग दीपस्तंभ. एका माणसाला एवढी कामं त्या दिवशीच पहिल्यांदा लागली. "गेली चाळीस वर्षं," असं ते तीनदा म्हणाले. साहेब उत्तराला उठले. नारळ हातात होता, तो त्यांनी आधी माझ्याकडे दिला. "चाळीस नाही. एकतीस वर्षं चार महिने," ते म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे लोकांना कळलं नाही. अध्यक्षांनी वाजवल्या, तेव्हा सगळ्यांनी वाजवल्या.

मांडवातून बाहेर पडताना ते मला म्हणाले, "रविवारी दुपारी वस्तीवर ये. तयार आहे."

रविवारी आम्ही तिघं होतो. साहेब, मी आणि एक्साईजचे इन्स्पेक्टर. डिस्टिलरीत सरकारचा असा एक इन्स्पेक्टर कायमचा बसवलेला असतो; त्याच्या किल्लीशिवाय गोदाम उघडत नाही आणि त्याच्या सहीशिवाय टँकर हलत नाही. आमचे इन्स्पेक्टर गृहस्थ सज्जन, जाडेसे आणि नियमाला धरून होते. विनापरवाना बिअर चाखायला ते कसे आले, याचं मला आजही नवल वाटतं. त्यांनी मुख्यालय सोडण्याचा रीतसर अर्ज केला होता. पडवीत चप्पल काढतानाच म्हणाले, "मी आज एक्साईजचा नाही. आज मी फक्त यांचा मित्र." मग जरा थांबून, "अर्जाची प्रत आणलीय, बघायची असेल तर."

साहेबांनी काचेच्या बुधल्यातून तीन पेले भरले. रंग वाळलेल्या कडब्यासारखा, वर बोटभर फेस. थर्मामीटर बुडवला. "चौदा." काकूंच्या फ्रीजमधली भाजी त्यासाठी दोन दिवस बाहेर होती. आणि मग ज्या माणसाला मी चार वर्षं फक्त थुंकताना पाहिलं होतं, त्यानं पेला तोंडाला लावला आणि गिळला. पुन्हा गिळला. मग साहेबांनी डोळे मिटले.

"कशी आहे?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मिरी आहे. लवंग आहे. ताकाच्या मडक्याचा वास आहे. आणि..." साहेब अडखळले. "आणखी एक काहीतरी चांगलं आहे. आकडा सांगता येत नाही."

ती खरोखर चांगली होती. कोरडी, हलकी, किंचित आंबूस. उन्हातून आल्यावर दुसरं काही नको वाटावं अशी. पुढे पुण्यात अशा बिअरीचं मेनूकार्डावर चार ओळींचं वर्णन आणि त्या वर्णनाचंही बिल भरणारे लोक मी पाहिले आहेत. त्या दुपारी पडवीत कुणी काही वर्णन केलं नाही. इन्स्पेक्टरांनी पेला पुढे केला आणि म्हणाले, "मित्र म्हणून अजून एक."

आमचे दोन-दोन पेले झाले होते, तेव्हा तात्या आले. खांद्यावर घोंगडं, उन्हानं लाल डोळे. साहेबांनी त्यांच्यासाठी पेला भरायला घेतला.

"कशाची म्हनायची ही?" तात्यांनी विचारलं.

"शाळूची," साहेब खुशीत म्हणाले. "मोड आणून, वाळवून, भरडून."

"मोड आनून? आनि कोंब कुठं टाकलं?"

"टाकले नाहीत. कोंबांसकट."

तात्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "आवं साहेब, काय केलं हे! किराळ लागंल की!"

इन्स्पेक्टरांना किराळ माहीत नव्हती. मला ऐकून माहीत होती. तात्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. कोवळ्या जोंधळ्यात विष असतं. पावसानं ओढ दिलेल्या रानात जनावर शिरलं आणि त्यानं कोवळे पोंगे खाल्ले की लागलीच. "जतला आमच्या दोन गायी गेल्या डोळ्यांदेखत. तोंडाला फेस, पाय ताठ. बांधावरनं खाली येस्तोवर खलास."

"पण हे धान्याचे कोंब," मी म्हणालो.

"कोंब म्हंजे कोवळा जोंधळाच न्हवं का, गड्या? त्येच्यापेक्षा कोवळं काय असतंय?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "सायनाइड," ते पुटपुटले. एकतीस वर्षं चार महिने रसायनशास्त्रात काढलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं. पण त्यांचं सगळं शास्त्र मळीत होतं आणि मळीला कोंब येत नाहीत.

"किती वेळात लागते?" त्यांनी विचारलं.

"म्हशीला अर्ध्या तासात. मानसाचं कुनी बघितलंय!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पहिला पेला घेऊन पंचवीस मिनिटं झाली होती.

मी स्कूटरकडे निघालो. कराडला इस्पितळ होतं, पण तिथे पोचायला अर्धा तास. शिवाय इन्स्पेक्टर खुर्चीतून उठेनात. "तिथं काय सांगायचं? काय प्यालो विचारतील. कागदावर घेतील." कपाळ पुसून ते म्हणाले, "तुम्ही जा. मी... मी बघतो इथंच." मरण की चौकशी, यातलं नक्की काय वाईट, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"तात्या, जनावराला उपाय काय करता?" साहेबांनी विचारलं.

"गुळाचं पानी पाजायचं. वाचलं तर वाचलं."

"किती गूळ?"

"लय."

"तात्या!"

"दोन किलो धरा की म्हशीला."

साहेबांनी वही काढली. गणित सरळ होतं. म्हैस साडेचारशे किलो. साहेब साठ, मी बावन्न, इन्स्पेक्टर चौऱ्याऐंशी. ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. काकू आत भजी तळत होत्या.

"गूळ आहे का?"

काकू झारा घेऊनच वळल्या. "तुम्हाला? गूळ?"

"आहे का?"

"माहेरची ढेप आहे अख्खी. पण कशाला?"

"प्रयोग आहे," साहेब म्हणाले. काकूंना घाबरवायचं नाही, असं त्यांनी डोळ्यांनी आम्हाला बजावलं.

मग पडवीत काटा आला. साहेबांना दोनशे सदुसष्ट ग्रॅम, मला दोनशे एकतीस, इन्स्पेक्टरांना तीनशे त्र्याहत्तर. पाण्यात विरघळवायला वेळ नव्हता, म्हणून वर पाणी पीत आम्ही तो खडे फोडून खाल्ला. साखर कारखान्याचे निवृत्त चीफ केमिस्ट, ज्यांनी तेहतीस वर्षं घरात गूळ येऊ दिला तरी पानात येऊ दिला नव्हता, ते डोळ्यांत पाणी आणून गूळ चावत होते. इन्स्पेक्टर तीनशेला थांबले. "होत नाही हो."

"त्र्याहत्तर राहिलेत. खावा गुमान," तात्या म्हणाले.

माझं लग्न ठरलेलं होतं, सांगलीत, पुढच्या महिन्यात. पत्रिका छापून झाल्या होत्या. मी मनगटाची नाडी धरून बसलो होतो आणि ती मला कधी जलद, कधी अजिबात नसल्यासारखी लागत होती.

साहेबांनी वहीचं एक पान फाडलं. त्यावर दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली, सहीखाली 'चीफ केमिस्ट' लिहिलं, मग आठवण होऊन ते खोडलं आणि कागद इन्स्पेक्टरांच्या हातात दिला. मी वाकून वाचला. 'जे झालं त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. चूक माझी. दुसऱ्या कुणाचाही दोष नाही.'

"हा तुमच्याजवळ असू दे," ते इन्स्पेक्टरांना म्हणाले. "कुणी विचारलं तर." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या घरी मी स्वतः जाईन. जाता आलं तर."

चाळीस मिनिटं झाली. पन्नास. तात्या खांबाला टेकून आमच्या तोंडांकडे बारकाईनं बघत होते, फेस येतो का ते. बाहेर त्यांची म्हैस रवंथ करत होती आणि तिचा मला अतोनात हेवा वाटत होता.

काकू भज्यांची परात घेऊन बाहेर आल्या. पडवीत चार माणसं, फुटलेली ढेप, काटा, वही आणि स्मशानकळा. "काय झालंय? कोण गेलं?"

तात्याच म्हणाले, "वैनी, साहेबांनी कोंबासकट शाळूची दारू पाजली ह्यांस्नी. किराळ हाय त्यात."

"कोंब?" काकूंनी परात खाली ठेवली. "कसले कोंब? ते तर मी कवाच चोळून, पाखडून टाकले."

साहेब उभे राहिले. "काय?"

"नाचणीचं सत्त्व करताना कोंब ठेवतं का कुणी? बाळाला पोट दुखतं. मोड आलेलं धान्य वाळलं की चोळायचं, सुपात पाखडायचं आणि मग दळायचं. माझ्या आईनं शिकवलंय. कोंबासकट दळण घेऊन गेले असते तर गिरणीत बायका हसल्या असत्या मला."

"मी लिहून दिलं होतं. दोन रेघा मारल्या होत्या."

"दिलं होतं की. मला वाटलं, पाखडायचं लिहायचं विसरलात."

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. सांगलीचं लग्नाचं कार्यालय, पत्रिका, सासऱ्यांचा करडा चेहरा, सगळं एकदम परत आलं आणि सासरेसुद्धा गोड वाटले. इन्स्पेक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते रडताहेत असं वाटलं, पण ते हसत होते आणि हसता हसता म्हणत होते, "तीनशे त्र्याहत्तर ग्रॅम हो! तीनशे त्र्याहत्तर!" तात्यांनी पेला उचलला, वास घेतला आणि एका दमात संपवला. "बरी हाय की," ते म्हणाले. "ताकासारखी."

साहेब मात्र बायकोकडे टक लावून बघत होते. आता ते तिचे आभार मानतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

"किती होते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कोंब. वजन."

"सूपभर. लिंबाच्या बुडाशी टाकलेत."

ते तसेच बाहेर पडले. उन्हात, लिंबाच्या झाडाखाली उकिडवे बसून त्यांनी वाळके कोंब गोळा केले, चाळणीनं माती काढली आणि काट्यावर ठेवले. एक किलो चारशे वीस. त्यांनी वहीतलं ते पान काढलं. 'गिरणीवर संशय' हे शब्द खोडले. 'कारण अज्ञात' खोडलं. समोर लिहिलं: 'कोंब (हिनं पाखडले) १.४२०. वारा ०.१८०.' मग त्यांनी वही मिटली आणि मला पहिल्यांदाच त्यांच्या छातीतून श्वास बाहेर पडल्याचं ऐकू आलं. जीव वाचला म्हणून की घट जुळली म्हणून, हे मी कधीच विचारलं नाही.

सोमवारी मी त्यातले मूठभर कोंब आणि बाटलीभर बिअर प्रयोगशाळेत नेली. सायनाइड ओळखायचा एक पिवळा कागद असतो. कोंबांवर तो तासाभरात विटकरी लाल झाला. बिअरवर पिवळाच राहिला. ऊन आणि उकळी यांनीही त्यातलं बरंच विष गेलं असतं, असं मी नंतर वाचलं. पण बरंच म्हणजे किती, हे त्या पुस्तकात नव्हतं, आणि सूप नसतं तर काय झालं असतं ते मला मोजून बघायचंही नव्हतं. साहेब त्याच दिवशी गिरणीवर गेले. गिरणीवाल्याला काय म्हणाले कुणास ठाऊक. तो एवढंच सांगायचा की, "साहेब आले, माझा काटा बरोबर हाय म्हनले, आनि गेले."

माझ्या लग्नाला साहेब आले. पंगतीत जिलेबीत थर्मामीटर घालताना मी त्यांना पाहिलं. सासऱ्यांना मी सांगितलं, मोठे शास्त्रज्ञ आहेत.

पुढे दोन-तीन वर्षांनी मी बायकोला घेऊन वस्तीवर गेलो होतो. साहेब आणि काकूंचं कशावरून तरी वाजलं होतं. विहिरीच्या मोटारीचं काहीतरी. साहेब आकडे सांगत होते, आवाज चढत होता. काकू शांतपणे उठल्या, देव्हाऱ्याच्या खणातून एक घडी घातलेला कागद आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला. साहेब आकडा अर्धाच टाकून मोटार बघायला बाहेर गेले.

मी कागद ओळखला. खोडलेलं 'चीफ केमिस्ट' तसंच होतं.

"इन्स्पेक्टरांनी त्या दिवशी जाताना माझ्या हातात दिला," काकू म्हणाल्या. "म्हणाले, वहिनी, हा आता मला नको, तुम्हाला उपयोगी पडेल."

"पण हा त्या बिअरबद्दल आहे, काकू."

"असं कुठं लिहिलंय?" त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "जे झालं त्याला, एवढंच आहे. आणि बघ, जन्मभर दुधाच्या पिशवीवरसुद्धा तारीख टाकणारा माणूस, घाईत तारीखच घालायला विसरला."

त्यांनी कागदाची पुन्हा नीट घडी घातली.

"त्यामुळे कधीही चालतो."